कोंडवाडा बचाव समिती

रंगनाथ भापकरांनी आयुष्यात एकच वास्तू वाचवायला घेतली आणि ती नेमकी कोंडवाडा निघाली. दुसऱ्या गावांना वाचवायला किल्ला मिळतो, बारव मिळते, निदान एखादी वेस तरी मिळते. जामखेड तालुक्यातल्या हिंगणदऱ्याच्या वाट्याला इतिहासानं मोकाट गुरं कोंडायची जागा ठेवली होती. दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर तिथं आणून डांबायचं आणि मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं, एवढंच त्या वास्तूचं आजवरचं कार्य. असल्या वास्तूसाठी कंबर कसणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतील, याचा भापकरांनी आधी विचार करायला हवा होता. पण आधी विचार करायची सवय त्यांना राहुरीच्या विद्यापीठात कार्यालय अधीक्षक असताना होती. निवृत्त होऊन गावी बंगला बांधताना ती सामानाबरोबर आणायची राहून गेली.

बातमी आणली शेजारच्या गोरक्षनाथांनी. ते एसटीचे निवृत्त कंडक्टर. गावातली कुठलीही बातमी त्यांच्याकडे पहिल्या थांब्यापासून बसलेली असे.

“ऐकलं का सायेब, कोंडवाडा चालला,” कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून ते म्हणाले.

“कुठं चालला?”

“बिल्डरच्या घशात. थितं दुकानाचं संकुल हुनार हाय. सरपंचानं नगरचा मानूस आनलाय. बांधायचं त्यानं, वरलं गाळं इकायचं त्यानं, आन् ग्रामपंचायतीला खालचं दोन. त्यातला एक मुतारीच्या अंगाला.”

भापकरांच्या हातातला चहा तसाच राहिला. कोंडवाडा एसटी थांब्याला लागून, बाजारतळाच्या कडेला होता, त्यामुळं त्या जागेवर कुणाचा ना कुणाचा डोळा असणार हे उघडच होतं. पुढं लोकल बोर्डाच्या काळातली काळ्या दगडाची कमान, आत एक लिंब, लिंबाखाली दगडी हौद आणि तिन्ही बाजूंनी पुरुषभर उंचीची भिंत. कमान इंग्रजांच्या वेळची. भिंत मात्र बहात्तरच्या दुष्काळातली, दुष्काळी कामावरच्या बायकांनी वाहिलेल्या दगडांची.

त्या बायकांत भापकरांची आई राहीबाई होती. ती डोक्यावर दगडाची पाटी घेऊन, मान ताठ ठेवून जायची आणि रंगनाथ लिंबाखाली बसून सरकारी सुकडी खायचा. तिच्या वाटची सुकडीही तोच खायचा. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. तिचा फोटो नव्हता. माती-कुडाचं घर पडून गेलं होतं, त्याच जागेवर आता बंगला होता. तिनं हातानं केलेलं आणि अजून उभं असलेलं असं जगात एकच काही होतं, ते म्हणजे ती भिंत. ही गोष्ट भापकरांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त सांगायचा प्रसंग आला नाही, असं ते स्वतःला समजावत. प्रसंग पन्नास वर्षं आला नव्हता.

म्हणून चारचौघांत ते कमानीबद्दल बोलत. “ही ऐतिहासिक कमान आहे. ती पाडू देणार नाही,” असं त्यांनी त्याच सकाळी घरात जाहीर केलं.

“गच्चीवरची टाकी गळतेय,” शुभांगीबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “ती आधी वाचवा. ती पण तुमच्याच काळातली आहे.”

मोठ्या कार्याला घरातून विरोध होतोच, असं मनाशी म्हणून भापकर बाहेर पडले.

हिंगणदऱ्यात पाण्याची टंचाई असते, सल्ल्याची कधी नसते. न्हाव्याच्या दुकानात कुणी म्हणालं, उपोषणाला बसा. भापकरांना शुगर होती. डॉक्टरांनी दर दोन तासांनी खायला सांगितलेल्या माणसाचं उपोषण कसं दिसेल, या विचारानंच त्यांना घाम फुटला. गोरक्षनाथ म्हणाले, “त्यापरीस कमानीखाली एक धोंडा ठिवा आन् शेंदूर फासा. देव उठवायची कुनाच्या बापाची टाप न्हाई.” भापकरांनी तत्त्वाचा प्रश्न काढून नकार दिला. मग त्यांनी बायडाबाईला विचारलं. बायडाबाई म्हणजे कोंडवाड्याच्या भिंतीला पाठ लावून भाजी विकणारी म्हातारी. तिच्या पाठीचा काळपट ठसा भिंतीवर उठला होता, इतकी ती तिथं जुनी.

“मला काय कळतंय बाबा,” ती म्हणाली. “टेकायला भित असली म्हंजी झालं.”

सगळ्यांत शहाणपणाचं हेच बोलणं होतं. पण ते अर्जात लिहिता येण्यासारखं नव्हतं.

अर्ज घेऊन भापकर नगरला एका कार्यालयात गेले. जिल्ह्याचं नाव नुकतंच बदललेलं. जन्मभराच्या सवयीनं त्यांनी अहमदनगर लिहिलं, तो अर्ज पहिल्या खिडकीनं परत केला. अहिल्यानगर लिहून नेला तर पुढच्या टेबलानं सांगितलं, जुनं दप्तर जुन्या नावानं लावलेलं आहे, या नावाखाली तुमचा कोंडवाडा सापडत नाही. भापकरांनी दोन्ही नावं लिहिली. तेव्हा त्याच्या पुढच्या टेबलानं विचारलं, दोन जिल्ह्यांत मिळून एकच कोंडवाडा आहे का. आयुष्यभर भापकरांनी असल्याच शेऱ्यांनी दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले होते. आज टेबलाच्या अलीकडं उभं राहून तो शेरा ऐकताना त्यातली भाषेची सफाई त्यांना पूर्वीसारखी जाणवेना.

शेवटी एका साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं.

“वास्तूचं महत्त्व काय?”

“लोकल बोर्डाच्या काळातली आहे.”

“तसं सगळंच असतं हो. कुणी थोर व्यक्ती तिथं येऊन गेली का?”

भापकरांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “गुरांचे मालक येऊन जायचे.”

“कुणाला कोंडून ठेवलं होतं? स्वातंत्र्यसैनिक वगैरे?”

“बैल होते,” भापकर म्हणाले.

आईचं नाव तेव्हा त्यांच्या ओठावर आलं होतं. पण साहेबांच्या रकान्यात थोर व्यक्ती हवी होती. तिथं राहीबाई भापकर, पाटी वाहणारी, असं लिहायला सांगायचा त्यांना धीर झाला नाही. साहेबांनी ‘नाही’ असं लिहिलं आणि पाहणीला माणूस पाठवतो म्हणाले.

पाहणीला माणूस येणार म्हटल्यावर गोरक्षनाथांना स्फुरण चढलं. “पाव्हनं यायच्या आदी घर झाडावं लागतं, सायेब,” ते म्हणाले, आणि ते भापकरांनाही पटलं. कोपऱ्यातल्या भिंतीत पिंपळाचं रोपटं उगवलं होतं. दोघांनी मिळून ते खालून धरलं आणि ओढलं. ते काही रोपटं नव्हतं. आत त्याची मुळं मनगटाएवढी झालेली होती आणि तो कोपरा इतकी वर्षं त्या मुळांनीच धरून ठेवला होता. पिंपळ आला आणि त्याच्या मागोमाग कोपरा आला. दोघं वेळेवर बाजूला झाले म्हणून वाचले. धुरळा बसल्यावर भापकर त्या दगडांकडं बघत उभे राहिले. आईनं वाहिलेले दगड पहिल्यांदा कुणी पाडले असतील तर ते त्यांनी स्वतः, हे त्यांच्या लक्षात आलं.

पण शोक करायला सवड नव्हती. कोंडवाड्यात त्या दिवशी एक मारका खोंड होता, तो त्या खिंडारातून बाहेर पडला. गावात एवढी घरं असताना तो थेट भापकरांच्या बंगल्यात शिरला आणि अंगणात वाळत घातलेल्या वर्षभराच्या कुरडयांवरून दोनदा फिरला. चुरा झालेल्या कुरडया सुपात भरून शुभांगीबाईंनी नवऱ्याच्या आरामखुर्चीवर आणून ठेवल्या आणि आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाहणीचा माणूस आला, खिंडार बघून त्यानं जिभेनं च्यक केलं आणि ‘वास्तू धोकादायक’ असा शेरा मारून मिळेल त्या गाडीनं परत गेला.

इथं एखादा थांबला असता. भापकरांनी समिती काढली.

कोंडवाडा बचाव समितीत अध्यक्ष भापकर आणि उपाध्यक्ष गोरक्षनाथ होते. तिसरा माणूस मिळेपर्यंत सचिवही गोरक्षनाथच. आपल्याकडं फ्लेक्स लागल्याशिवाय समिती झाली असं कुणी मानत नाही, म्हणून तो लावला. मजकूर भापकरांनी लिहून दिला होता, पण फोटो कुठं बसवायचा हे फ्लेक्सवाल्यावर सोडलं होतं. त्यानं कमानीचं चित्र मोठं घेतलं आणि मधल्या रिकाम्या जागेत भापकरांचा फोटो बसवला. लांबून बघणाऱ्याला एवढंच दिसे की निवृत्त अधीक्षक कोंडवाड्यात असून बाहेर बघत आहेत. खाली मोठ्या अक्षरांत ‘बचाव’ लिहिलेलं. एसटीतून उतरणारी माणसं फ्लेक्सपाशी थांबून वाचत आणि जाताना एकमेकांना विचारत, दंड किती बसला असेल.

भापकरांना ते फार लागलं. विद्यापीठात त्यांच्या सहीशिवाय खुर्ची एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात नसे. त्या रात्री ते जेवले नाहीत. शुगरचं कारण काढून शुभांगीबाईंनी दोन भाकरी ताटात वाढल्या, त्या मात्र खाल्ल्या.

अशा खिन्न अवस्थेत त्यांना ग्रामसभा आठवली. नोकरीत असताना त्यांनी विद्यापीठाच्या सहलीबरोबर हिवरे बाजार पाहिलं होतं. सगळं गाव एकत्र बसतं, ठरवतं आणि ठरवलेलं करतं, हे बघून ते तेव्हा भारावले होते. गावाची जागा आहे ना, मग गावानंच सांगावं, विकायची की ठेवायची. भर सभेत गाव ‘नाही’ म्हणालं तर बिल्डर काय करणार?

हिंगणदऱ्याची ग्रामसभा ही मात्र निराळी चीज होती. ती कधी भरतच नसे. दवंडी व्हायची, सतरंजी पडायची, सरपंच आणि चारदोन सदस्य जांभया देत बसायचे. पुरेशी माणसं न आल्यानं सभा तहकूब व्हायची आणि पुढच्या खेपेला तेवढ्याच माणसांत चहाबरोबर उरकली जायची. भापकरांनी ठरवलं, या वेळी मांडव फुटेस्तोवर माणसं आणायची.

ते दारोदार फिरले. लोकांनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सगळीकडं एकच प्रश्न विचारला.

“जेवान हाय का?”

“ग्रामसभा आहे, लग्न नाही,” पहिल्या दिवशी भापकर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विषय टाळला. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच म्हणू लागले, “लापशी आणि तिखट आमटी आहे. सगळ्यांनी या.”

आश्चर्य म्हणजे सरपंचानं काहीच आडकाठी केली नाही. सरपंच करण हा तिशीतला, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला, गोड बोलणारा पोरगा. भापकरांना बघून तो गाडीवरून उतरला आणि पाया पडला.

“काका, तुमी गावासाठी एवढं करताय, आन् आमी बघत बसायचं व्हय? मांडव आपला. भोंगा आपला. तुमी फकस्त मानसं आना, बाकी मी बघतो.”

भापकर विरघळले. घरी येऊन ते म्हणाले, “पोरगा वाटतो तसा नाही. मोकळ्या मनाचा आहे.”

“बिल्डरचा मित्र आहे ना तो?” शुभांगीबाई म्हणाल्या.

“मतभेद असले तरी लोकशाही मानतो.”

शुभांगीबाईंनी गहू भरडायला काढले. पुढं वाद घालायचं त्यांनी सोडून दिलं.

कारभार बघायला गावात अश्विनी मॅडम होत्या. सरकारनं ग्रामसेवकाचं नाव बदलून त्यांना मोठं पद दिलं होतं, गाव मात्र मॅडमच म्हणे. सभेच्या आदल्या दिवशी भापकर तयारी सांगायला कचेरीत गेले, तेव्हा त्या हातातलं काम ठेवून त्यांच्याकडं बघत राहिल्या.

“सर, एवढी माणसं खरंच येणार आहेत?”

“का, मांडव पुरायचा नाही?”

“मांडवाचं नाही हो.” त्यांनी आतल्या खोलीकडं पाहिलं. आत सरपंच मोबाईलवर बोलत होता. “कधी कधी सभा तहकूब झालेली बरी असते, सर. राहू द्या की.”

भापकरांच्या अंगात जुना अधीक्षक जागा झाला. काम वाढू नये म्हणून धडपडणारे कर्मचारी त्यांनी जन्मभर हाताळले होते. “मॅडम, याच वृत्तीनं गावं मागं राहिली,” असं सुरू करून त्यांनी पाव तास लोकसहभागावर व्याख्यान दिलं. मॅडमनी ते मान खाली घालून ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, “बरं, सर.”

बाजारतळावर सभा दणक्यात झाली. हिंगणदऱ्याच्या इतिहासात एवढं गाव कधी एका जागी बसलं नव्हतं. मांडवाच्या तोंडाशी टेबल होतं. आलेल्यानं आधी वहीत सही नाहीतर अंगठा करायचा, मग आत जायचं, अशी व्यवस्था सरपंचाच्या माणसांनी लावली होती. सही केल्याशिवाय ताट मिळणार नाही, अशीही हूल कुणीतरी उठवली. त्यामुळं ज्यांना सभेशी काही घेणंदेणं नव्हतं त्यांनीही रांग लावून सह्या केल्या. बायडाबाईनं भाजीची पाटी झाकून ठेवली आणि येऊन अंगठा दिला. भापकर टेबलाशी उभे राहून प्रत्येकाला हात जोडत होते. त्यांना भरून येत होतं. लोकांना उगीच नावं ठेवली, बोलवायला कुणी गेलंच नव्हतं, असं त्यांना वाटलं.

खिशात भाषण होतं. सुरुवात लोकल बोर्डापासून आणि मधे कमानीची बांधणी. शेवटी मात्र एक परिच्छेद त्यांनी पहाटे उठून घातला होता. त्यात आई होती. आज एवढ्या गावासमोर ते सांगणार होते की ही भिंत तुमच्या-माझ्या आयांनी, आज्यांनी डोक्यावर वाहिलेली आहे. प्रसंग आला होता.

पण भाषणाआधी सत्कार निघाला. आपल्याकडं माणसाला गप्प करायचं झालं तर त्याचा सत्कार करतात, हे सरकारी नोकरीत राहूनही भापकरांना कळलं नव्हतं. स्वतः सरपंचानं शाल घातली, नारळ दिला आणि फेटा बांधायला माणूस बोलावला. फेटेवाला चांगला जाणकार होता, सावकाश एकेक पीळ देत होता. फोटोवाला समोर गुडघ्यावर बसून सांगत होता, “काका, हात जोडा. हलू नका. हसा वाईच.”

“तवर येळ नगं वाया जायला,” सरपंच भोंग्यावर म्हणाला. “मॅडम, इषय वाचून घ्या.”

अश्विनी मॅडम वाचू लागल्या. पाणीपट्टी. गटार. दिवाबत्ती. मागं आमटीला फोडणी बसली होती आणि तिचा वास मांडवात फिरत होता. लोक मान वळवून मागं बघत होते. मग मॅडमचा आवाज आणखी खाली गेला.

“गावठाणातील जुन्या व धोकादायक वास्तूच्या जागेचा सार्वजनिक हितासाठी विकास करणे.”

‘जुनी वास्तू’ हे शब्द भापकरांच्या कानावर पडले. फेट्याचा पीळ त्या वेळी कपाळावरून चालला होता, मान हलवता येत नव्हती. त्यांना वाटलं, आपला विषय निघाला, आता आपल्याला बोलावतील. त्यांनी हात आणखी घट्ट जोडले आणि सगळ्या गावाकडं बघून हसले.

“भापकरकाकांसाठी जोरदार टाळ्या होऊ द्या,” सरपंच म्हणाला.

टाळ्या झाल्या. इतक्या झाल्या की लिंबावरचे कावळे उडाले. गोरक्षनाथ तर उभं राहून टाळ्या वाजवत होते.

“टाळ्यांच्या गजरात सर्व इषय मंजूर,” सरपंच म्हणाला. “काकांचं भाषान जेवनानंतर हुईल. चला, पंगती धरा.”

जेवणानंतर भाषण ऐकायला थांबणारा माणूस अजून जन्माला यायचाय. भापकर फेटा सावरत भोंग्यापाशी गेले, तेव्हा मांडवात उष्ट्या पत्रावळी होत्या, दोन कुत्री होती आणि खांबाला टेकून बसलेली बायडाबाई होती. कडेला अश्विनी मॅडम टेबल आवरत होत्या. भापकरांनी कागद उघडला. लोकल बोर्डाची तीन वाक्यं वाचली. मग कागद मिटला आणि माईक बाजूला ठेवून एकदम शेवटच्या परिच्छेदावर आले.

“ती भिंत माझ्या आईनं वाहिलीय,” ते म्हणाले.

“म्हाईत हाय की,” बायडाबाई म्हणाली. “राहीबाई. तिच्या पाटीत दगुड मीच भरत हुते. मोठा दगुड आला की मी ठिवायची न्हाई, तर ती म्हनायची, घाल, घाल, पोरगं बघतंय.”

भापकर तसेच खाली सतरंजीवर बसले. त्या भाराखाली आई मान ताठ का ठेवायची, हे त्यांना आज कळलं. डोळे पुसायला त्यांनी फेट्याचा शेमला घेतला.

मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या. “सर, ठराव झाला,” त्या म्हणाल्या.

“कोणता ठराव?”

“कोंडवाड्याचा. बिल्डरला जागा द्यायचा. मघाशी वाचला तो.” त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आधी दोनदा पाठवला होता. तहकूब सभेतला ठराव चालणार नाही, गावाची भरलेली सभा पाहिजे, म्हणून वरून परत आला. आपलं गाव काही येत नाही, म्हणून ते राहिलं होतं. आता आलं.”

भापकरांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. “मला आधी सांगायचं नाही का?”

“सांगत होते, सर,” मॅडम म्हणाल्या.

एवढी वर्षं हिंगणदऱ्याच्या आळसानं जी भिंत सांभाळली होती ती भापकरांच्या उत्साहानं घालवली, आणि वर लापशी वाढली. ते वरच्या कार्यालयात तक्रार घेऊन गेले. तिथं त्यांना एक फोटो दाखवण्यात आला. फेटा, शाल, जोडलेले हात, चेहऱ्यावर समाधान आणि मागं टाळ्या वाजवणारं गाव. “हे आपणच ना?” असं विचारल्यावर भापकर ‘हो’ म्हणाले. ते परतीच्या एसटीत बसले. सीट कंडक्टरच्या बाजूची होती, ती त्यांनी बदलून घेतली. सभेत उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या गोरक्षनाथांशी त्यांचं बोलणं त्या दिवसांत बंद होतं.

जेसीबी एका सकाळी आला आणि दुपारपर्यंत काम उरकलं. आधी लिंब गेला, मग हौद. कमान दणकट निघाली, तिनं बराच दम काढला. भिंतीनं काढला नाही. तिचा एक कोपरा तर भापकरांनीच सोपा करून ठेवला होता. ते समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून बघत होते. दगडांचं काय करणार, असं त्यांनी ठेकेदाराला विचारलं. “भरावात,” तो म्हणाला. “जुना दगड लई चांगला. पाया बसतो.” शुभांगीबाई डब्यात दशम्या घेऊन तिथं आल्या. त्यांना बायडाबाईकडून सगळं कळलं होतं.

“मला का नाही सांगितलं कधी?” त्यांनी विचारलं.

“प्रसंग आला नाही,” भापकर म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, “लाज वाटत होती.”

शुभांगीबाईंनी डबा उघडून पुढं केला आणि दोघंही तिथंच जेवले.

बायडाबाईची बसायची जागा गेली होती. तिनं जेसीबीवाल्याला आईबहिणीवरून खूप काही ऐकवलं आणि बसायला म्हणून एक चौकोनी दगड मागून घेतला. कुठं ठेवायचा, असं त्यानं विचारलं. तिनं भापकरांच्या बंगल्याकडं बोट केलं. तेव्हापासून ती बंगल्याच्या कुंपणाला पाठ लावून बसते. रंग नवा असल्यानं ठसा लवकर उठला. भापकर तो पुसू देत नाहीत.

गोष्ट इथं संपली असती, पण गावात कोंडवाडा नसला तरी मोकाट गुरं असतातच. संकुलाचे गाळे पूर्ण व्हायच्या आतच कुणाच्या तरी उसात म्हैस शिरली. शेतकरी तिला ओढत घेऊन आला, तर कोंडवाड्याच्या जागी लोखंडी सळया उभ्या. सरपंच करणनं थोडा विचार केला आणि म्हैस घेऊन तो बंगल्यावर आला. दारात वाकून पाया पडला.

“काका, नवी जागा ठरंस्तोवर हिला बांधा जरा. समितीचं अध्यक्ष तुमीच हाय.”

समिती बरखास्त करायचं भापकरांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. म्हैस अंगणात बांधली गेली. पुढच्या आठवड्यात दोन शेरडं आली. मग तोच मारका खोंड आला आणि ओळखीच्या वाटेनं सरळ कुरडयांच्या जागी जाऊन उभा राहिला. शुभांगीबाईंनी आता कुरडया गच्चीवर घालायला घेतल्यात, गळक्या टाकीच्या पलीकडं. गोरक्षनाथ कुंपणावरून पेंढी टाकतात, न बोलता. नवी जागा अजून ठरलेली नाही.

परवा संध्याकाळी भापकर बायडाबाईच्या दगडावर बसले होते. ती घरी गेली की रोज थोडा वेळ ते तिथं बसतात. त्या दगडाची एक कड घासून गुळगुळीत झालेली आहे. त्यावर हात ठेवायची त्यांना सवय लागली आहे. रस्त्यानं शेजारच्या गावचा एक माणूस दोरी घेऊन आला. त्याची गाय सकाळपासून सापडत नव्हती. संकुलाकडं बघून तो गोंधळला होता. भापकरांच्या अंगणातून त्याच वेळी गाय हंबरली.

“पाव्हनं,” त्यानं विचारलं, “कोंडवाडा ह्योच का?”

भापकर दगडाला हात टेकून उठले आणि त्यांनी बंगल्याचं फाटक उघडलं.

“ह्योच,” ते म्हणाले.